लिहिणाऱ्याचा अनध्याय: कधी थांबायचं, किती थांबायचं, परत कसं बसायचं

“ताई, तुमच्या कथेतली आत्या पान चारवर वारली ना? मग पान नऊवर चहा कोण करतंय?”

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका संपादकांचा हा फोन आला आणि मी खो-खो हसले. फोन ठेवल्यावर हसू गेलं. त्या वर्षी दिवाळी अंकांना पाच कथा कबूल करून बसले होते, शिवाय पोटापाण्याचं भाषांतर चालूच होतं. आत्या मेल्याचं लिहिताना आठवलं नाही, ते एक वेळ चालेल. पण पाठवण्याआधी कथा दोनदा वाचूनही दिसलं नाही. वीसेक दिवस आपण लिहितोय असं मला वाटत होतं, आणि चालत होती ती नुसती बोटं.

१९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे लिहिणाऱ्याचं वर्ष हंगामी झालं. एप्रिल-मेमध्ये पत्रं आणि फोन, जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर, सप्टेंबरात मुद्रितं, मग अंक. हंगाम शेतकऱ्यासारखा, पण शेतकऱ्याच्या वर्षात पोळा असतो. आपल्यात तो कुणी ठेवलेला नाही, तो ज्याचा त्यानं ठेवायचा. कसा, ते मी चुकत-माकत शिकले. तेच इथे क्रमानं सांगते.

आधी शोधा, थकलंय काय

“थकले बाई” हे एकच वाक्य आपण चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि मग भलताच उपाय करतो. पाठ धरलेल्या माणसाला महाबळेश्वरला पाठवलं तर घाटात ती आणखी धरते. म्हणून सुट्टी घेण्याआधी निदान.

*शरीर.* हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं कामधंद्यातल्या आजारांवर पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या १७१३ च्या वाढवलेल्या आवृत्तीत त्यानं लेखनिकांच्या दुखण्याची तीन कारणं नोंदवली: सतत बसून राहणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. टाक जाऊन कळफलक आला, यादी तशीच आहे.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटात नस दाबली जात असण्याची शक्यता असते. मोबाइलवर अंगठ्यानं लांबलचक मजकूर लिहिणाऱ्यांचं दुखणं वेगळं. त्यांचं मनगट अंगठ्याच्या बाजूनं दुखतं, आणि अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं की कळ येते. (मी एक अख्खी कथा लोकलमध्ये अंगठ्यानं लिहिली होती. कथा बरी झाली, अंगठा तीन महिने बरा झाला नाही.) अशी लक्षणं दोन आठवडे टिकली तर तेल चोळत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर बोलून टंकायची सोय वापरता येते, मराठी आता पुष्कळ बरं उमटतं. फक्त बोलून लिहिलेलं पाल्हाळिक होतं, ते नंतर कापावं लागेल हे धरून चाला.

*कान.* लिहिणाऱ्याचं खरं हत्यार कान, आणि तो हातापेक्षा आधी थकतो. गंमत अशी की थकलेल्या कानाला आपण थकलोय हे ऐकूच येत नाही. म्हणून खुणा बाहेर शोधाव्या लागतात. कालचं पान मोठ्यानं वाचा. ओळीनं सहा वाक्यं ‘होता, होती, होतं’वर संपतायत? दर परिच्छेदात ‘तेवढ्यात’ येतंय? कथेतली आजी आणि तिचा इंजिनियर नातू एकाच आवाजात बोलतायत? मग कान गेला. भाषांतर करणाऱ्यांसाठी खूण आणखी सोपी आहे. ‘त्याच्याद्वारे केले गेले’, ‘तो असा एक माणूस होता की ज्याला’ अशी वाक्यं आपल्याला खटकेनाशी झाली, की मूळ भाषा आपल्या डोक्यावर बसलीय आणि मराठी खाली दबलीय असं समजावं. अशा वेळी शब्दकोश उघडून काही होत नाही. उठावं, भाजीवाल्याशी बोलावं, शेजारच्या काकूंची तक्रार शेवटपर्यंत ऐकावी. थकलेल्या कानाला जिवंत बोलणं लागतं. एक-दोन दिवसांत तो परत येतो.

*विहीर.* इथे वाक्यं नीट येतात, पण सांगायला काही उरलेलं नसतं. तिसऱ्या कथेत पुन्हा तोच एसटी स्टँड, तोच पाऊस, तोच परगावाहून आलेला मुलगा. मार्क ट्वेननं आत्मकथनात सांगितलंय की ‘टॉम सॉयर’ लिहिताना हस्तलिखिताच्या ४०० व्या पानाशी गोष्ट अडली ती हलेचना. त्यानं ती कप्प्यात टाकली. दोन वर्षांनी काढली तेव्हा त्याला कळलं की टाकी रिकामी झाली होती आणि मधल्या काळात ती आपोआप भरली होती. त्याच्या टाकीपेक्षा मला आपली विहीर पटते, कारण विहिरीला झरे असतात आणि उपसा थांबवल्याशिवाय ते दिसत नाहीत. उन्हाळ्यात विहीर बसली की मोटर बंद ठेवतात आणि पाणी चढायची वाट बघतात. कोरडी मोटर चालवली तर ती जळते, हे घरात पंप असलेल्या कुणालाही सांगायला नको. या थकव्याला दिवस पुरत नाहीत, महिने लागतात. त्या महिन्यांत दुसऱ्यांचं वाचायचं, माणसांत जायचं, आणि आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही ही नामुष्की सोसायची.

आणि चौथी गोष्ट थकवा नसतेच. ती *भीती* असते.

हिच्यावर जरा थांबते, कारण सगळी गफलत इथेच होते. विश्रांतीवर लिहिणारे लोक हिच्याविषयी फारसं बोलत नाहीत, मग आळशी माणूस विश्रांती घेत बसतो आणि दमलेला माणूस स्वतःला आळशी म्हणत राहतो. ओळखायचं कसं? दमलेल्या माणसाला काहीच करावंसं वाटत नाही. घाबरलेल्या माणसाला *हे एक* सोडून बाकी सगळं करावंसं वाटतं. पंख्याची पाती पुसावीशी वाटतात, मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावाव्याशा वाटतात, दहा वर्षांपूर्वीच्या मैत्रिणीला फोन करावासा वाटतो. एका कथेत मुलगी आईला खरं सांगते तो प्रसंग मला लिहायचा होता. त्या आठवड्यात माझं घर इतकं स्वच्छ होतं, की सासूबाईंनी विचारलं, “कोण येणारंय?”

यावर माझी पंधरा मिनिटांची चाचणी आहे. संगणक बंद. पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीनं, तो प्रसंग मुद्दाम वाईट लिहायचा. वाक्यं तुटकी, शुद्धलेखनाची ऐशीतैशी. पंधरा मिनिटांनी हात आपोआप पुढे सरकत असेल तर ती भीती होती, लिहीत राहा. ओळी सुचतायत पण त्यांचा अर्थच लागत नसेल, तीच ओळ तिसऱ्यांदा वाचावी लागत असेल, तर खरंच दमलाय, उठा. चाचणी तीन दिवस, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करून बघा. एका दिवसाच्या निकालावर जाऊ नका, त्या दिवशी कदाचित फक्त झोप झालेली नसेल.

दोन आठवडे वही ठेवा

आपली मर्यादा आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटतं. मलाही वाटायचं. वहीत चार रकाने आखा: तारीख, कधी बसलो-कधी उठलो, किती शब्द लिहिले, आणि *दुसऱ्या दिवशी वाचल्यावर त्यातले किती ठेवले*. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या वहीत एका दिवशी साडेसहा तासांत १४०० शब्द आहेत आणि पुढे ‘उरले ३००’. आदल्या दिवशी दोन तासांत ६०० शब्द, उरले ५००. म्हणजे साडेचार तास जास्त बसून मी २०० शब्द गमावले होते.

दोन आठवड्यांत आकडे स्वतःच बोलायला लागतात. माझं असं निघालं की स्वतःचं लेखन सलग अडीच तास, भाषांतर चार तास, मुद्रितशोधन तीन तास. त्यापुढे जे होतं ते उद्या खोडायचं असतं. तुमचे आकडे वेगळे येतील. नोकरी करून रात्री लिहिणाऱ्याचा आकडा पाऊण तासही निघू शकतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दिवसातल्या छोट्या सुट्ट्या

इटलीतल्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळाची पद्धत पुष्कळांना माहीत आहे: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं उसंत. भाषांतराला आणि मुद्रितांना ती छान लागू पडते. कथेच्या ऐन संवादात घंटी वाजली तर मात्र मला घड्याळ गॅलरीतून फेकावंसं वाटतं. तेव्हा कथेला घड्याळ नको, प्रसंग संपला की उठा.

डोळ्यांचा नियम वेगळा, त्याला सवलत नाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघायचं. पडद्याकडे बघताना पापण्या लवणं कमी होतं, डोळे कोरडे पडतात. वीस फूट म्हणजे साधारण सहा मीटर, समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली कपड्यांची दोरी चालते.

पाच मिनिटांच्या उसंतीत फोन बघणं ही उसंत नव्हे. तिथेही शब्दच आहेत, आणि तेही दुसऱ्यांच्या भांडणांतले. अर्धवट सोडलेल्या कामात आपलं थोडं लक्ष अडकून राहतं, हे सोफी लरॉय या अभ्यासकांनी २००९ मध्ये दाखवलं. पाच मिनिटांत तीन व्हॉट्सॅप गट बघून आलात तर तिन्हीकडे थोडं थोडं लक्ष ठेवून परत येता. त्यापेक्षा हाताला काम आणि जिभेला सुट्टी असं काहीतरी करा. मेथी निवडणं हे त्यातलं सर्वोत्तम. त्याखालोखाल भांडी, इस्त्री, कुंड्यांतलं तण.

दुपारच्या वामकुक्षीची थट्टा करणारे बहुधा संध्याकाळी लिहीत नसावेत. वीस मिनिटं, गजर लावून. तासभर झोपलात तर उठल्यावर डोकं जड होतं आणि संध्याकाळ वाया.

दिवसाचं काम कुठे थांबवायचं, यालाही एक जागा आहे. आपण सगळं दही संपवत नाही, उद्याच्या विरजणापुरतं मागे ठेवतो. तसंच पुढचं वाक्य ठाऊक असतानाच उठायचं. ते वाक्य अर्धं लिहून ठेवायचं. पहिल्यांदा जिवावर येतं, वाटतं रात्रीत उडून जाईल. तसं फारसं होत नाही, उलट सकाळी बसल्याबरोबर हात चालू होतो. सगळं सांडून, विहिरीचा तळ बघून उठलेल्या दिवसाची दुसरी सकाळ मात्र फार वाईट जाते.

ठरलेले अनध्याय

पाठशाळांत पूर्वी अनध्यायाचे, म्हणजे पाठ बंद ठेवायचे, दिवस ठरलेले असत: प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या. स्मृतींत यादी त्याहून लांब आहे. धुळीचं वादळ आलं, वीज कडाडली, कोल्हे ओरडले, तर पाठ बंद. अमावास्येचं अध्ययन गुरूला मारतं आणि चतुर्दशीचं शिष्याला, असा धाकही आहे. स्मृतींमधल्या पुष्कळ गोष्टींशी माझं भांडण आहे, पण इथे एक शहाणपण दिसतं. आज थांबायचं का, हे विद्यार्थ्यानं स्वतःच्या थकव्याला विचारायचं नाही, ते तिथीनं आधीच ठरवलेलं. दमलेलं डोकं स्वतःविषयी निर्णय घ्यायला नालायक असतं. त्याला विचारलं तर ते “अजून एक पान” म्हणतं.

म्हणून कॅलेंडर घ्या आणि हंगाम सुरू व्हायच्या *आधी* खुणा करा. माझ्या खुणा अशा: आठवड्यातला एक दिवस लेखन नाही, संगणकही उघडायचा नाही. मजकूर पाठवल्यानंतरचे तीन दिवस नवीन काही सुरू करायचं नाही. आणि एक लांब सुट्टी पोळ्याच्या आसपास. पोळा येतो तोच मुळी ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे मजकुराची मुदत संपत येते तेव्हा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, कुठे खांदशेकणी म्हणतात. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात. दुसऱ्या दिवशी त्याला कामाला जुंपत नाहीत, शेतातली कामं कितीही राहिलेली असोत.

स्वतःची कोल्हेकुईही लिहून ठेवा, म्हणजे कॅलेंडरबाहेरच्या थांबायच्या खुणा. माझ्या तीन आहेत: पात्राचं नाव मध्येच बदलणं, घरच्यांवर विनाकारण ओरडणं, आणि दुसऱ्या कुणाची चांगली कथा वाचून आनंद न होणं. शेवटची दिसली की मी त्याच दिवशी थांबते.

लांब सुट्टीवर जाताना

हस्तलिखित तसंच टाकून पळू नका. एक पान लिहून त्यावर ठेवा: गोष्ट कुठे थांबलीय, पुढे काय घडणार असं आत्ता वाटतंय, कोणती शंका राहिलीय, आणि सगळ्या पात्रांची नावं, वयं, नाती. कोण जिवंत आहे तेही लिहा.

कथा मी किमान पंधरा दिवस कप्प्यात ठेवते, कादंबरीचा पहिला खर्डा दोन महिने. मुदत एवढी नसेल तर निदान दोन रात्री. विश्रांतीत डोकं आपसूक काम करतं, हे खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाला फ्रान्समधल्या कुतांस गावी बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी एका प्रश्नाचं उत्तर सुचलं, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच विषयाशी तो आधी पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून झगडला होता, हे त्यानंच लिहिलंय आणि ते कुणी सांगत नाही. न लिहिता घेतलेल्या सुट्टीत बसची पायरी नुसती पायरीच असते.

घर, संपादक, पैसे

संपादकांना आदल्या दिवशी नाही, दहा दिवस आधी फोन करा. “कथा होतेय, पण मला ती आत्ता दिसत नाहीये. १२ तारखेऐवजी २० ला दिली तर चालेल का?” एवढंच बोला, आजारपणाच्या कहाण्या नकोत. संपादकांनी आमच्यासारखे पुष्कळ पाहिलेले असतात. नाही म्हणालेच तर तेही कळतं वेळेवर. आणि मुळात मे महिन्यात सहा फोन आले तर तीन कबूल करा. मी आता तीनच करते.

लेखनावर घर चालत असेल तर सुट्टीचा खर्च आधी कामात धरायला हवा. भाषांतराची मुदत सांगताना मी एकूण शब्द भागिले रोजचे शब्द असा हिशेब करते आणि वर दर सहा दिवसांमागे एक दिवस टाकते. मानधन उशिरा येतंच, तेव्हा ते धरून हिशेब करू नका.

बायकांसाठी एक वेगळी अडचण, तिच्यावर फारसं कुणी लिहीत नाही. बाई लिहीत नाहीये म्हणजे ती मोकळी आहे असं घराला वाटतं. मग लेखनाची सुट्टी स्वयंपाकघर गिळतं, आणि सुट्टीनंतर आपण आधीपेक्षा जास्त दमलेल्या. माझा उपाय असा: सुट्टीतही लिहायच्या वेळेला मी त्याच खोलीत जाते आणि दार लावते. आत पडून राहते, चित्रं बघते, काहीच करत नाही. घराला ते सांगत नाही. दार लावणं जमत नसेल तर गावातलं सार्वजनिक वाचनालय. दोन तास तिथे वर्तमानपत्राआड डोळे मिटून बसलं तरी हटकत नाहीत.

सुट्टीनंही भागत नसेल तर

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटला आपल्या आजारांच्या वर्गीकरणात जागा दिली, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. तीन खुणा सांगितल्या: गळून जाणं, कामाविषयी तिटकारा किंवा परकेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. इथे चार दिवस कोकणात जाऊन भागत नाही, कामाची मांडणीच बदलावी लागते.

मात्र लेखनच नव्हे, तर जेवण, माणसं, गाणं, कशातच गोडी वाटेनाशी झाली, झोप बिघडली, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं, तर तो लेखनाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे जा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच. टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी १४४१६ वर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं. लेखकानं दुःखी असायलाच हवं, ही समजूत आपल्या क्षेत्रात उगाच जोपासलेली आहे. दुखणं औषधानं गेलं तर लेखन जातं, असं मी एकाही माणसाच्या बाबतीत पाहिलेलं नाही.

परत बसताना

पहिल्या दिवशी नवीन काही लिहू नका. शेवटचं लिहिलेलं पान हातानं उतरवून काढा, अक्षर अन् अक्षर. कान जागा असेल तर उतरवता उतरवताच दोन शब्द बदलावेसे वाटतील. वाटले तर सुट्टी पुरली. पान निर्जीव, परकं वाटलं तर आणखी दोन दिवस घ्या. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं, तिसऱ्या दिवशी चाळीस, आणि वहीतल्या आपल्या आकड्यापर्यंत आठवड्यानं पोचा.

त्या ऑगस्टमध्ये मी संपादकांकडून चार दिवस मागून घेतले. तीन दिवस कथेकडे बघितलं नाही, मेथी निवडली, झोपले. चौथ्या दिवशी पान नऊ उतरवायला बसले, आणि दहा मिनिटांत काम झालं. चहा चुलतीनं केला.